एकशे साठ एकर आणि एक फुटकी बशी

जून १८७३. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या फिल्मोर काउंटीतून मॅटी ओब्लिंजर नावाच्या बाईने इंडियानातल्या आपल्या माणसांना पत्र लिहिलं. रेल्वेने मागून पाठवलेलं सामान एकदाचं पोचलं होतं, आणि काय शाबूत राहिलं, काय फुटलं, याचा हिशेब द्यायचा होता. चहाची एक बशी फुटली. त्यांनीच दिलेल्या एका भांड्याचा कान तुटला. मेणबत्तीचा दिवा ट्रंकेत घातला होता म्हणून वाचला. बाकी सगळं ठीक. घर आता स्वतःचं आहे, मातीचं आहे, आणि त्याला अजून जमीन केलेली नाही. तेवढीच एक तक्रार. गाडीवरचं ताडपत्रीचं कापड उसवून त्याचे दोन तुकडे केले आणि दोन भिंतींना लावले, उरलेल्या भिंतींना वर्तमानपत्रं. नवऱ्याने एक पलंग आणि एक बाकडं ठोकून दिलं.

माहेरी लिहिलेलं असं पत्र आपल्याकडेही जुन्या ट्रंकांतून सापडतं आणि बहुतेक वेळा रद्दीत जातं. ओब्लिंजरांच्या घरची पत्रं मात्र राहिली. १८६२ ते १९११ या काळातली ३१८ पत्रं आज नेब्रास्काची राजधानी लिंकन इथे राज्याच्या इतिहास संस्थेत आहेत. लिहिणारे पुष्कळ: मॅटी, तिचा नवरा युराया, तिचे भाऊ, पुढे युरायाची दुसरी बायको, मुली. यातला कुणीही लेखक नव्हता. कित्येक वाक्यांना पूर्णविराम नाही, स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वसाहतीचा इतिहास आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा सिनेमातून: घोडे, पिस्तुलं, धुळीचे लोट. या पत्रांत पिस्तुलापेक्षा लोण्याचा भाव अधिक महत्त्वाचा आहे.

ही माणसं इंडियाना सोडून निघाली कशासाठी, याचं उत्तर थोडं मागे जाऊन शोधावं लागतं.

युराया ओब्लिंजर १८४२चा. यादवी युद्धात तो उत्तरेच्या फौजेत लढला, परत आला, १८६९मध्ये मॅटी थॉमसशी लग्न केलं, आणि इंडियानात दुसऱ्याची जमीन करू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर अर्धेलीने. बी, बैल, घाम आपला, पीक निम्मं मालकाचं, आणि वसंत आला की हीच जमीन पुन्हा मिळेल की बिऱ्हाड हलवावं लागेल याची धास्ती. पूर्वेकडच्या राज्यांत चांगल्या जमिनीचे भाव तोपर्यंत असे चढले होते की मजुरी साठवून शेत घेऊ पाहणाऱ्याचं आयुष्य साठवण्यातच जावं.

अशा माणसांसाठी एक कायदा तयार होता. सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला फुकट द्यावी ही मागणी जुनी होती. पण दक्षिणेकडच्या गुलाममालक राज्यांचा तिला विरोध होता. लहान शेतकऱ्यांनी पश्चिम भरली तर तिथे गुलामगिरीला जागा राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. १८६०मध्ये असा एक कायदा मंजूर झाला तर अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी तो नाकारला. पुढच्याच वर्षी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून उठून गेले, आणि अडसर आपोआप दूर झाला. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणीही, बाईनेसुद्धा, १६० एकरांपर्यंत जमिनीवर दावा लावावा, तिथे घर बांधून राहावं, पाच वर्षं कसावी, आणि साक्षीदार उभे करून ती नावावर करून घ्यावी. फीचा खर्च सगळा मिळून १८ डॉलरच्या आसपास. आणखी एक अट: अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. १८७२मध्ये माजी सैनिकांसाठी आणखी सवलत आली. फौजेत काढलेली वर्षं त्या पाचातून वजा होऊ लागली.

जमीन फुकट, हे खरं. पण ती कुणाची होती?

फिल्मोर काउंटी प्लॅट नदीच्या दक्षिणेला येते. तो सारा मुलूख पॉनी लोकांचा. मक्याची शेती करणारे, मातीच्या मोठ्या गोल घरांत राहणारे आणि वर्षातून दोनदा रानबैलांच्या शिकारीला बाहेर पडणारे हे लोक. १८३३च्या तहात त्यांनी प्लॅटच्या दक्षिणेची जमीन सोडली. पुढच्या तहांनी उरलेलीही गेली, आणि शेवटी लूप नदीकाठच्या एका राखीव पट्ट्यावर ते आले. ऑगस्ट १८७३मध्ये, म्हणजे मॅटी आपल्या मातीच्या घरात स्थिरावत होती त्याच उन्हाळ्यात, शिकारीला गेलेल्या पॉनींवर सू लोकांनी हल्ला केला आणि बायकामुलांसह अनेकांना कापून काढलं. दोन वर्षांत उरलेले पॉनी नेब्रास्का सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, निघून गेले. सरकारी नकाशावर जी जमीन ‘रिकामी’ दिसते ती अशी रिकामी झालेली असते. ओब्लिंजरांच्या पत्रांमधला आनंद खोटा नाही, पण तो वाचताना हे विसरता येत नाही.

तिसरं कारण रेल्वे. बर्लिंग्टन आणि मिझुरी रिव्हर कंपनीला रूळ टाकण्याच्या मोबदल्यात सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंची एक आड एक चौरस मैल जमीन देऊन टाकली होती. मधले चौरस सरकारकडे, होमस्टेडसाठी. शेजारी वस्ती झाल्याशिवाय रेल्वेची जमीन विकली जाणार नव्हती आणि मालगाडीला माल मिळणार नव्हता, म्हणून कंपनीने रंगीत जाहिराती छापून गावोगाव चिकटवल्या: लाखो एकर, दहा वर्षांच्या उधारीवर, सहा टक्के व्याजाने. रुळांलगत गावंही कंपनीनेच वसवली, आणि नावं द्यायला वेळ नसावा तशी इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. नेब्रास्काचा नकाशा उघडला तर यातली बहुतेक स्टेशनं आजही ओळीने वाचता येतात. यातली एक्झेटर, फेअरमाँट आणि ग्राफ्टन फिल्मोर काउंटीत.

१८७२च्या शरदात युराया गाडी जोडून निघाला. बरोबर बायकोच्या माहेरची माणसं. मॅटी आणि लहानगी एला इंडियानातच राहिल्या. आधी पुरुषाने जाऊन जागा धरायची, आडोसा उभा करायचा, मग कुटुंब न्यायचं, हा त्या काळचा रिवाज होता आणि त्यात शहाणपण होतं. या सहा-आठ महिन्यांत युरायाने लिहिलेली पत्रं संग्रहातली सगळ्यांत मोकळी आहेत. बायकोला आणि बाळाला उद्देशून लिहिलेली. वाटेतला मुक्काम, जमिनीचा पोत, शेजारी कोण, हे सगळं त्यांत. इंडियानात शेत करायचं म्हणजे आधी झाडं तोडायची, मग वर्षानुवर्षं बुंधे उपटायचे. इथे झाडच नव्हतं. नांगर घातला की तास सरळ चालत राहायचा. जन्मभर बुंध्यांशी झगडलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल याची कल्पना करता येते. झाड नाही म्हणजे वासा नाही, जळण नाही, कुंपण नाही, सावली नाही, हा हिशेब नंतर लागत गेला.

पहिला हप्ता १८७३च्या ईस्टरला वसूल झाला. १३ एप्रिल, रविवार. हिवाळा संपला म्हणून लोकांनी जाड कपडे बाजूला ठेवले होते, पेरण्या सुरू होत्या. दुपारी पाऊस आला, त्याचा बर्फ झाला, आणि तीन दिवस वारा थांबला नाही. तो बर्फ पिठासारखा बारीक होता. दाराच्या फटीतून, छपराच्या सांध्यातून, जनावरांच्या नाकातोंडातून आत जायचा. गुरं उभ्या जागी गुदमरली. लोकांनी घोडे आणि कोंबड्या घरात घेतल्या, आणि घर म्हणजे एक खोली. युरायाच्या त्या आठवड्याच्या पत्रात या वादळाची हकिगत आहे, मॅटी निघायच्या महिनाभर आधी लिहिलेली. पत्र वाचून तिला काय वाटलं याची नोंद नाही. मे महिन्यात ती एलाला घेऊन आली.

आता ते घर.

गवताळ मैदानावर हजारो वर्षं एकच पीक आलेलं असतं, गवत. वर जेवढं दिसतं त्याहून अधिक जमिनीखाली, मुळांच्या रूपात. जमीन पहिल्यांदा फोडायला खास नांगर लागायचा. त्याचा फाळ आडवा चालून माती उलथण्याऐवजी पट्ट्यासारखी सोलून काढी, फूटभर रुंद आणि चार बोटं जाड. मुळांनी ती इतकी घट्ट विणलेली असे की उचलली तरी तुटत नसे. हा पट्टा कुदळीने तीन-तीन फुटांवर तोडायचा, ढेपा गाडीत भरून आणायच्या आणि विटांसारख्या रचायच्या, गवताची बाजू खाली करून, एक थर उभा, एक आडवा. भिंत दोन-अडीच फूट जाड. बेताच्या घराला अर्ध्या-पाऊण एकराची साल निघे. वर ओंडके, त्यावर काटक्या, त्यावर गवत, त्यावर पुन्हा ढेपा. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात ज्याचं बालपण गेलं आहे त्याला या घराचे गुण आणि अवगुण समजावून सांगायला नकोत: उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, वारा हलवू शकत नाही, आग लागत नाही, आणि मोठा पाऊस झाला की बाहेर थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राहणार. चुलीवर शिजतं त्यात माती पडू नये म्हणून बायका छताखाली मांजरपाट ताणून बांधत. कधी त्या कापडाच्या झोळीत वरून साप पडे. नेब्रास्काचे लोक या मातीला थट्टेने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत.

जळणाला लाकूड नाही, म्हणून रानबैलांच्या आणि गुरांच्या रानशेण्या वेचायच्या. सुरुवातीला पूर्वेकडून आलेल्या बायका त्या फडक्यात धरून उचलत. नंतर नुसत्या हाताने, आणि मग हात न धुता भाकरीच्या पिठाला. असं त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्या पुष्कळांनी सांगितलं आहे. गवताच्या पेंढ्या पिळून जाळत, मक्याची कणसं दाणे काढून जाळत. १८७२-७३च्या हिवाळ्यात मक्याचा भाव असा पडला होता की दाण्यांसकटच कणसं चुलीत गेली. ती कोळशाहून स्वस्त पडत होती.

आणखी एक अडचण कायद्याच्याच पोटात होती. आपल्याकडे गावठाण एकीकडे आणि शेतं भोवती. दिवसभर रानात राबून माणूस संध्याकाळी माणसांत येतो. होमस्टेडची अट होती दाव्याच्या जमिनीवरच राहायची. जमीन चौरस कापलेली, १६० एकरांचा चौकोन म्हणजे अर्धा मैल बाजू. त्यामुळे गाव असं उभंच राहिलं नाही. प्रत्येक घर आपल्या चौकोनात एकटं. मीठ मागायला जायचं तरी पायपीट. या पत्रांची संख्या एवढी का, याचं एक कारण मला यात दिसतं. बोलायला कट्टा नव्हता, म्हणून लिहिलं.

तरीही मॅटी रडगाणं गात नाही. भाऊ जॉर्जला लिहिलेल्या एका पत्रात ती या विषयाला थेट हात घालते. मातीच्या घरात राहतो म्हणजे आम्ही हालात आहोत असं तुम्हाला वाटत असेल, पण खरंच सांगते, इतकं सुख मला कधी लागलं नव्हतं. आणि नव्याची नवलाई म्हणशील तर तेही नाही, असा तिचा सूर आहे. कारण ती स्वतःच देते. आम्ही आमच्या जमिनीवर आहोत. पुढच्या वसंतात बिऱ्हाड हलवायची चिंता नाही. जो घाव घालतो तो आपल्यासाठी. निम्मा दुसऱ्या कुणासाठी नाही. इतकी वर्षं कुळं म्हणून काढलेल्या आमच्यासारख्यांना हा मोठा दिलासा आहे. इथे कूळ असं कुणी नाही. आणि इथे आलेले जवळजवळ सगळे आधी कूळच होते, इथवर पोचण्यातच त्यांची होती नव्हती ती पुंजी संपली आहे.

या चार-पाच वाक्यांसाठी मी हा सगळा संग्रह मोलाचा मानतो. पश्चिमेकडच्या या लोंढ्याला इतिहासकारांनी मोठमोठी नावं दिली: राष्ट्राचं विधिलिखित, साहसाची हाक, लोकशाहीच्या पाळण्याची दोरी. हातात कुदळ घेतलेल्या बाईने दिलेलं कारण मात्र अर्धेली हे आहे. आणि त्याच पत्रात, आनंदाच्या भरातही, तिला दिसतं की भोवतीच्या सगळ्यांचे खिसे रिकामे आहेत. पुढच्या सात वर्षांत जे घडलं त्याचं बीज त्या शेवटच्या वाक्यात आहे.

फुकट जमिनीला पैसा लागतो. नांगर, बैल किंवा घोडे, बी, विहीर, पहिलं पीक येईपर्यंतचं वर्षभराचं धान्य. आणि मैदानावर विहीर म्हणजे कुठे कुठे शंभर फुटांहून खोल. जमीन नावावर होईपर्यंत तिच्यावर कर्ज निघत नाही, म्हणून अवजारं, जनावरं आणि उभं पीक गहाण पडे. सप्टेंबर १८७३मध्ये जे कुक यांची बँक बुडाली, रेल्वेच्या रोख्यांचा फुगा फुटला, आणि मंदी सुरू झाली. मॅटीचं बशीचं पत्र तेव्हा तीन महिन्यांचं होतं.

पुढच्या वर्षी, जुलै १८७४च्या अखेरीला, टोळधाड आली.

हे टोळ रॉकी पर्वताच्या खोऱ्यांत वाढणारे. कोरडं वर्ष आलं की वाऱ्यावर स्वार होऊन मैदानात उतरत. डाकोटापासून टेक्सासपर्यंत त्या उन्हाळ्यात ते उतरले. लांबून ढग वाटे, मग उन्हात चकाकणारा बर्फ, मग पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. गहू बऱ्याच ठिकाणी कापून झाला होता. मका उभा होता, तो तासाभरात दांड्यांपर्यंत गेला. कांदे जमिनीत भोक पाडून आतून खाल्ले. बायकांनी भाज्यांच्या वाफ्यांवर गोधड्या घातल्या तर गोधड्या खाल्ल्या. फावड्याच्या, कुऱ्हाडीच्या दांड्यांना माणसाच्या घामाचं मीठ लागलेलं असतं, म्हणून तेही कुरतडले. रुळांवर चिरडलेल्या टोळांनी चाकं घसरू लागली आणि गाड्या थांबल्या. १८७५मध्ये नेब्रास्कातल्या प्लॅट्समथजवळ डॉ. अल्बर्ट चाइल्ड यांनी डोक्यावरून जाणाऱ्या एका थव्याचा अंदाज बांधला: ११० मैल रुंद आणि १,८०० मैल लांब. अंदाज थोडा सैल धरला तरी आकडा भीतीदायकच उरतो. गंमत अशी की हाच टोळ पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पृथ्वीवरून नाहीसा झाला. शेवटचे जिवंत नमुने १९०२चे. पर्वताच्या ज्या खोऱ्यांत तो अंडी घालायचा ती खोरी वसाहतवाल्यांनीच नांगरली, गुरं चारली, पाणी सोडलं. कुणी ठरवून मारला नाही.

१८७४च्या हिवाळ्यात मात्र नेब्रास्कात लोक उपाशी होते. राज्यात मदत समिती निघाली, काँग्रेसने पैसा आणि बियाणं दिलं, आणि फौजेच्या कोठारात पडून असलेले यादवी युद्धातले निळे डगले आणि बूट वाटले गेले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी ते अंगावर घालून लढाई केली त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर ते पुन्हा आले, या वेळी दानाचे. हजारो कुटुंबांनी गाड्या पूर्वेकडे वळवल्या. ओब्लिंजर राहिले.

राहणाऱ्यांना धीर देणारी माणसंही होती. नेब्रास्का विद्यापीठातले सॅम्युएल ऑगी हे प्राध्यापक सांगत फिरत होते की नांगरलेली जमीन पाणी धरते, धरलेलं पाणी वर जातं, आणि पाऊस वाढतो. नांगराच्या मागोमाग पाऊस येतो. योगायोगाने पुढची काही वर्षं पावसाची होती. शास्त्र, रेल्वेची जाहिरात आणि शेतकऱ्याची आशा एकाच दिशेला बोलू लागली की शंका घेणारा उरत नाही. १८७०च्या खानेसुमारीत नेब्रास्काची वस्ती १,२२,९९३ होती, १८८०मध्ये ४,५२,४०२. टोळधाड आणि मंदी या आकड्यांच्या मधली आहे. १८९०च्या दशकात अवर्षण आलं तेव्हा ऑगींचं शास्त्र कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

या सगळ्या काळात पत्रं चालूच आहेत. मुली वाढताहेत, एलाच्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. पीक येतं, भाव येत नाही. पैसा हातात राहत नाही, ही तक्रार युरायाच्या अक्षरात फिरून फिरून येते.

फेब्रुवारी १८८०मध्ये मॅटी बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मैदानावरच्या बायकांच्या मरणाचं हे अगदी नेहमीचं कारण. डॉक्टर मैलोगणती दूर, आणि आला तरी त्याच्या हातात फारसं काही नसे. तिच्या माहेरी ते कळवायचं काम युरायावर आलं. सात वर्षांपूर्वी ज्या माणसांना बशीचा हिशेब गेला होता त्याच माणसांना.

तीन लहान मुली, एकटा बाप आणि शेत, हे गणित त्या काळी बाईच्या हाताशिवाय सुटत नसे. स्वयंपाक आणि मुलं सोडाच. कोंबड्यांची अंडी आणि दूधलोणी विकून येणारी चिल्लर हीच कित्येक घरांत वर्षभराची रोकड होती. युराया मुलींना घेऊन मिनेसोटात गेला, १८८१मध्ये त्याने लॉरा बेकनशी लग्न केलं, तिच्यापासून आणखी मुलं झाली. मग मिनेसोटा, नेब्रास्का, कॅन्सस, मिझुरी असं बिऱ्हाड हलत राहिलं. वसंतात बिऱ्हाड हलवावं लागू नये म्हणून जो इंडियानाहून निघाला तो १९०१मध्ये मरेपर्यंत फिरतच होता. याला त्याचा दोष म्हणावा असं मला वाटत नाही. थोडा त्याच्या स्वभावाचा असेल. पण त्याच्यासारखे पुष्कळ होते. होमस्टेड कायद्याखाली शेवटी साधारण १६ लाख कुटुंबांच्या नावावर जमीन लागली, एकूण सुमारे २७ कोटी एकर. आणि ज्यांनी दावा लावला पण शेवटचा कागद मिळवला नाही अशांचीही मोठी फौज होती. कागद मिळवणाऱ्यांतले कित्येक तो मिळताच गहाण टाकत, कारण कर्ज काढता येईल अशी पहिली वस्तू त्यांच्या हाती आलेली असे. १६० एकर हा आकडा पूर्वेकडच्या पावसाळी मुलखात बसून ठरवलेला होता. पश्चिमेला जसजसं जावं तसतसा तो अपुरा पडत गेला. शेवटी १९०४मध्ये पश्चिम नेब्रास्कासाठी तो चौपट, ६४० एकर, करावा लागला.

दुसऱ्या बाजूचं पारडंही खरं आहे. वाड्यावतनाशिवाय, जन्माने हाती काही नसताना लाखो माणसांच्या नावावर जमीन झाली, आणि त्यांत एकट्या बायका होत्या. जर्मन, स्वीडिश, चेक, रशियातून आलेले जर्मन होते, गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक होते. जगाच्या इतिहासात कुणा सरकारने इतक्या मोठ्या प्रमाणावर जमीन कसणाऱ्याला वाटल्याची उदाहरणं थोडी. आणि जी वाटली ती कुणाकडून घेतली हेही त्याच हिशेबात धरायला हवं. मॅटी गेली त्याच्या आदल्या वर्षी, मे १८७९मध्ये, ओमाहाच्या न्यायालयात पोंका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर उभे होते. नेब्रास्कातून हुसकावून दूर नेल्यावर मेलेल्या मुलाची हाडं मायभूमीत पुरायला ते परत आले होते, आणि त्यासाठी त्यांना अटक झाली होती. न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन हा ‘व्यक्ती’ आहे. हे ठरवायला खटला लागला.

ओब्लिंजरांच्या पत्रांबरोबर लिंकनच्या त्याच संस्थेत काचेच्या सुमारे तीन हजार निगेटिव्ह आहेत. त्या सॉलोमन बुचर नावाच्या माणसाच्या. स्वतःला शेती न जमलेला हा गृहस्थ १८८६पासून कस्टर काउंटीत घोडागाडीतून कॅमेरा घेऊन फिरला आणि मातीच्या घरांपुढे उभ्या कुटुंबांचे फोटो काढत राहिला. फोटोत सगळे अंगणात येतात, आणि घरातली सगळ्यांत मोलाची वस्तूही बाहेर येते: शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, टेबलावर कापलेलं कलिंगड, छपराच्या उतारावर चढवलेली गाय.

त्यांतला एक फोटो हिल्टन कुटुंबाचा. नवराबायको, मुलं, आणि मधोमध, गुरांच्या आवारात, उघड्या आभाळाखाली एक पायपेटी. बुचर सांगतो, बाईंना फोटो पूर्वेकडच्या नातेवाइकांना पाठवायचा होता. आपल्याकडे पायपेटी आहे हे त्यांना दिसायला हवं होतं, आणि मातीचं घर दिसायला नको होतं. म्हणून ती जड पेटी सगळ्यांनी मिळून दारातून काढली, घर मागे येणार नाही अशा जागी नेली, फोटो झाला, आणि पुन्हा उचलून त्याच घरात नेऊन ठेवली.